घोरपडीच्या पिल्लाला काय घालावे?

मृगाचा पाऊस नुकताच होऊन गेला होता. संध्याकाळी आमचा साक्षरतेचा वर्ग भरला होता. हजेरी झाली, पुस्तके उघडली, तेवढ्यात आमच्या वर्गातले एक काका पत्र्याचा डबा काखेत धरून आत आले. डब्याच्या झाकणाला खिळ्याने भोके पाडलेली होती. काका शेतमजुरीला जातात. दिवसा बांधाची माती ओढायची आणि संध्याकाळी आमच्याकडे येऊन अक्षरे गिरवायची, असा त्यांचा नेम आहे. एरवी त्यांच्या हाती वही असते. आज डबा कसा, म्हणून सगळे गोळा झाले.

डब्यात घोरपडीचे पिल्लू होते. शेपूट धरून वीतभर लांब. अंगावर पिवळसर ठिपक्यांच्या आडव्या ओळी. सापासारखी दुभंगलेली जीभ ते घडीघडी बाहेर काढी आणि आत घेई. पाल नव्हे, सापसुरळीही नव्हे, हे जिभेवरूनच कळत होते. पण पिल्लाचे डोळे अर्धवट मिटलेले होते आणि ते एका कोपऱ्यात दबून बसले होते.

"काका, हे कशाला आणलंत?" आम्ही विचारले.

"पाळायचंय की, बाई. तानाजीनं नव्हती का पाळली? चार दिस झालं, वाटीत दूध ठेवतोय, भाकरी कुस्करून ठेवतोय. तोंड लावत न्हाई. काय घालावं ह्याला?"

तानाजीच्या घोरपडीची गोष्ट आपण सगळ्यांनीच लहानपणी ऐकली आहे. गोष्ट म्हणून ती गोड आहे. खरी घोरपड मात्र कमरेला दोर बांधून कड्यावर माणसे चढवीत नाही. कुत्र्यासारखी ती माणसाच्या मागे मागेही येत नाही. हे आम्ही काकांना सांगितले. दुसरी गोष्ट सांगणे त्याहून अवघड होते, ती कायद्याची.

आपल्या देशात १९७२ साली वन्यजीवांच्या रक्षणाचा कायदा झाला. त्या कायद्याला प्राण्यांच्या याद्या जोडल्या आहेत. पहिल्या यादीत वाघ आहे, आणि त्याच यादीत आपली बांधावरची घोरपडही आहे. तिला धरणे, मारणे, विकणे, घरात ठेवणे, सगळे गुन्ह्यात मोडते. शिक्षा ३ ते ७ वर्षे कैदेची, आणि २०२२ साली कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून दंड कमीत कमी २५ हजार रुपये. इतका कडक कायदा कशाला, असे एका मावशींनी विचारले. कारण असे, की मांसासाठी, कातड्यासाठी, तेलासाठी लोकांनी घोरपडी फार मारल्या. 'हाथाजोडी' म्हणून एक वाळकी मुळी पूजेसाठी विकत असत. ती मुळी नसून नर घोरपडीचे वाळवलेले लिंग आहे, हे २०१७ साली उघड झाले. घरात बरकत यावी म्हणून लोक देव्हाऱ्यात काय ठेवीत होते, पाहा!

काकांचा चेहरा उतरला. "म्हंजे आता पोलीस येणार?"

आम्ही म्हणालो, काका, अजाणता झालेले आहे. आपण स्वतः होऊन वनखात्याला कळवू. महाराष्ट्रात वनखात्याचा १९२६ हा फोन नंबर आहे, त्यावर फोन केला की जवळच्या वनरक्षकाला निरोप जातो. आम्ही वर्गातूनच फोन लावला. सकाळी माणूस येईल असे उत्तर मिळाले. तोवर दुधाची वाटी काढा, डबा नको, पुठ्ठ्याचे खोके घ्या, त्यात ओलसर माती आणि सुके गवत घाला, उथळ झाकणात पाणी ठेवा आणि खोके शांत जागी ठेवा, असेही सांगितले. रात्रीपुरते खायला काहीच घालू नका, असे बजावले.

"ते ठीक आहे, बाई," काका म्हणाले. "पण ते खातं काय, ते तरी सांगा. चार दिस मी उपाशी मारलं का त्याला?"

ह्या प्रश्नाचे उत्तर द्यायलाच हवे होते. आमच्यापैकी एकांचा भाचा अमेरिकेत टेक्सास प्रांतात नोकरीला आहे. तिकडे काही जातींच्या घोरपडी पाळायला मोकळीक आहे, आणि त्याने त्या हौसेपायी एकदा हात पोळून घेतला आहे. त्याच्याकडून कळलेले, आणि ह्या प्राण्याच्या अभ्यासकांनी लिहिलेले, असे दोन्ही मिळून पुढच्या दोन संध्याकाळी आम्ही वर्गात सांगितले. तेच येथे देत आहोत. आपल्याला घोरपड पाळायची नाही. पण काकांचे पिल्लू दूध का पीत नव्हते, हे त्यावरून समजते.

भाच्याने आणलेले पिल्लू अमेरिकेतले नव्हते. पश्चिम आफ्रिकेत घाना, टोगो, बेनिन असे देश आहेत. तिथे उंच गवताचे आणि तुरळक झाडांचे मोठमोठे माळ आहेत. त्यांना सव्हाना म्हणतात. त्या माळावरच्या घोरपडीला इंग्रजीत सव्हाना मॉनिटर असे नाव आहे. पूर्ण वाढली की ती साधारण तीन फूट भरते, म्हणजे आपल्या घोरपडीहून आखूड, पण अंगाने जाड. १७९२ साली बॉस्क नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने तिला शास्त्रीय नाव दिले. तिच्या अंगावरचे गोल ठिपके पाहून त्याला आजाऱ्याच्या अंगावरचे पुरळ आठवले, आणि नावाचा अर्थही 'पुरळ उठलेली' असाच झाला. बिचारीला कुणी विचारले नाही!

तिथले लोक पावसाच्या सुरवातीला बिळांतून पिल्ले उकरून काढतात. अंड्यावर आलेल्या माद्या धरून त्यांची अंडीही उबवतात. मग ही पिल्ले हजारोंच्या संख्येने विमानाने परदेशी जातात. दुकानात ती स्वस्त मिळतात. हातावर मावणारे पाच-सहा इंचांचे पिल्लू पाहून माणसाला मोह होतो. भाच्यालाही झाला.

दुकानदाराने त्याला सांगितले, "उंदीर घाला. झपाट्याने वाढेल." तिकडे मेलेले, बर्फात गोठवलेले उंदीर पाकिटात विकत मिळतात. अगदी नुकत्या जन्मलेल्या गुलाबी पिल्लांपासून मोठ्या उंदरापर्यंत, हवे त्या मापाचे. भाच्याने रोज एक, मग दोन, असे उंदीर घातले. पिल्लू खरेच झपाट्याने वाढले. वर्षभरात ते दोन फुटांच्या वर गेले. पोट जमिनीला टेकू लागले. येणारे-जाणारे म्हणत, "काय तब्येत आहे!" भाचा फोटो पाठवी, आणि आम्हीही तसेच म्हणत होतो.

मग एके दिवशी त्याने खाणे सोडले. बोटांची पेरे सुजली. चालताना पाय ओढू लागले. चौदाव्या महिन्यात ते मेले. जनावरांच्या डॉक्टरने उघडून पाहिले, तर पोटात पिवळ्या चरबीचे लोळेच्या लोळे होते, आणि मूत्रपिंडात व सांध्यांत खडूच्या भुकटीसारखे पांढरे काहीतरी साचले होते.

हे असे एकट्या भाच्याचेच झाले असे नाही. आफ्रिकेतून आलेली ही पिल्ले पुष्कळ ठिकाणी अशीच दगावतात. त्यांना उपाशी ठेवले म्हणून नव्हे. मायेने भरपूर घातले, पण जे घातले ते त्यांचे अन्न नव्हते.

मग त्यांचे अन्न कोणते? हे दुकानात कळत नाही. ते जिथे राहते तिथे जाऊन पाहावे लागते. डॅनियल बेनेट नावाच्या अभ्यासकाने घानात जाऊन तेच केले. त्यांनी लहान पिल्लांचा माग काढला. पिल्ले कुठे सापडली म्हणता? मोठ्या रातकिड्यांच्या बिळांत! तिकडचा एक रातकिडा माणसाच्या अंगठ्याएवढा जाड असतो आणि जमिनीत खोल बीळ करतो. पिल्लू त्याच बिळात शिरते, घरमालकाला खाते आणि त्याच्याच घरात झोपते. रातकिडे, नाकतोडे आणि असलेच किडे हे त्याचे रोजचे जेवण. सेनेगल देशात मोठ्या घोरपडींच्या पोटातले अन्न तपासले, तर त्यात वाणी किडे सर्वांत जास्त निघाले. वाणी म्हणजे तोच शेकडो पायांचा किडा, ज्याला काही गावांत पैसा म्हणतात, डिवचला की गोल होतो तो. मोठेपणी ह्या घोरपडीचे मागचे दात बोथट होतात. गोगलगायीचे कवच फोडायला बोथट दातच बरे. उंदीर सापडला तर ती सोडील असे नाही, पण माळावर तिला रोज उंदीर कोण आणून देतो?

आणखी एक गोष्ट आहे, आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाची तीच. त्या माळावर चार-पाच महिने पाऊस आणि बाकी कोरडे असते. पावसात किड्यांचा सुकाळ होतो. तेव्हा घोरपड दिवसभर हिंडते आणि पोटभर खाते. खाल्लेल्यातले काही चरबी म्हणून पोटात साठवते. पुढे कोरडे महिने आले की किडे नाहीसे होतात. मग ती बिळात किंवा झाडावर पडून राहते आणि त्या साठ्यावर दिवस काढते. आपल्याकडे शेतकरी सुगीत कणगी भरतो आणि पुढे त्यातले काढून खातो, तसे. आता काचेच्या पेटीत काय होते? तिथे बाराही महिने सुगी. कणगी भरतच राहते, रिकामी कधी होत नाही. हिंडायला जागा नाही. चरबी काळजाला, यकृताला वेढून बसते आणि शेवटी जीव घेते.

भाच्याने पुढे दुसरे पिल्लू आणले. आम्ही त्याला 'आता पुरे' म्हणालो होतो, पण त्याने ऐकले नाही. ह्या खेपेला मात्र त्याने आधी वाचले, मग पेटी केली, आणि पेटी तयार झाल्यावर पिल्लू आणले. ते पिल्लू आज सहा वर्षांचे आहे. त्याला काय आणि कसे घातले, ते आता सांगतो.

पहिले तीन महिने रोज खाणे. खाणे म्हणजे लहान रातकिडे. किडा किती मोठा असावा? पिल्लाच्या डोक्याच्या रुंदीहून मोठा नसावा, असा अंदाज. सकाळी ऊब घेऊन पिल्लू हिंडू लागले की किडे पेटीत सोडायचे. ते धावत जाऊन धरते, आपटते, गिळते. पंधरा-वीस लहान रातकिडे ते एका दिवसात सहज संपवी. ते पाठ फिरवू लागले की थांबायचे आणि उरलेले किडे काढून घ्यायचे. रात्री भुकेले रातकिडे झोपलेल्या पिल्लालाच कुरतडतात, हे कुणाला खरे वाटणार नाही, पण तसे होते.

रोज एकच किडा नको. आपणही रोज नुसती भाकरी खाल्ली तर अंगाला काही ना काही कमी पडते. म्हणून तो एक दिवस रातकिडे, एक दिवस पाळलेली झुरळे, एक दिवस गांडुळे, मधूनच एखादी गोगलगाय, नाकतोडे मिळाले तर नाकतोडे, असे फिरवून घाली. झुरळे म्हणजे मोरीतली नव्हेत बरे का! मोरीतल्या झुरळाच्या अंगावर फवाऱ्याचे औषध असण्याची भीती असते. खाण्यासाठी वेगळ्या जातीची स्वच्छ झुरळे तिकडे डब्यात वाढवतात. रानातून धरून आणलेला किडाही असाच जोखमीचा. कुठल्या शेतावर काय फवारले, ते किडा सांगत नाही.

आता चुन्याची गोष्ट. हाडे बळकट व्हायला कॅल्शियम लागते. चुनखडीत असते तेच हे. किड्याला हाड नसते. त्याच्या अंगात कॅल्शियम फार थोडे आणि फॉस्फरस त्याच्या कितीतरी पट. नुसत्या किड्यांवर वाढलेल्या पिल्लाची हाडे मऊ पडतात, जबडा रबरासारखा वाकतो, पाठीला बाक येतो. रानात पिल्लू गोगलगायीचे कवच खाते, किड्याच्या पोटातला पाला खाते, उन्हात पडते, तेव्हा भर निघते. पेटीत ती भर आपण घालायची. रातकिडे पिल्लाला देण्याआधी एक दिवस त्यांना चांगला हिरवा पाला आणि गाजर खाऊ घालायचे. मग एका पिशवीत कॅल्शियमची पांढरी पूड घ्यायची, किडे त्यात टाकायचे आणि पिशवी हलवायची. पिठात घोळलेल्या बोंबलासारखे किडे पांढरे होतात. ते तसेच द्यायचे. शिवाय उन्हातल्या किरणांसारखे किरण देणारा एक दिवा पेटीत लावतात, त्याने अंगात ड जीवनसत्त्व तयार होते. ते नसेल तर पोटात गेलेले कॅल्शियम अंगी लागत नाही.

तीन महिन्यांनंतर आठवड्यातून पाच दिवस, वर्षानंतर तीन-चार दिवस, आणि पूर्ण वाढ झाल्यावर दोन-तीन दिवस, असे त्याने खाणे उतरवत नेले. उंदीर अगदीच वर्ज्य नाही. महिन्यातून एखादा लहान उंदीर चालतो. तो हाडांसकट असतो, म्हणून नुसत्या मांसाच्या तुकड्यापेक्षा बराच. अंडे दिले तर उकडून द्यावे, कारण कच्च्या पांढऱ्या बलकाने अंगातले एक जीवनसत्त्व बांधले जाते आणि वाया जाते. काळीज फार घातले तर अ जीवनसत्त्व अति होते. कुत्र्या-मांजरांचे डब्यातले खाणे देऊच नये. आणि दूध? घोरपड अंड्यातून निघते, तिने आईचे दूध कधी पाहिलेले नसते. ते पचवण्याची सोय तिच्या पोटात नाही. काका, म्हणून ते तोंड लावत नव्हते. भाकरीचेही तेच.

भाच्याने एक वही केली आहे. दर रविवारी पिल्लाचे वजन करायचे आणि तारखेसह लिहायचे. खाल्ले काय, शी केली कशी, तेही लिहायचे. तराजू साधा, स्वयंपाकघरातला. वजन हळूहळू चढत जावे. एकदम चढले तर खाणे कमी करायचे, दोन आठवडे उतरले तर डॉक्टर गाठायचा. पहिल्या पिल्लाच्या वेळी अशी वही असती, तर सहाव्या महिन्यातच ते कळले असते, असे तो म्हणतो. वर्गातल्या मावशींना हे फार पटले. त्यांच्या नातीचे वजनही अंगणवाडीत असेच लिहून घेतात.

पण नुसते योग्य अन्न घालून भागत नाही. आपल्या अंगात ऊब आपोआप तयार होते. घोरपडीच्या अंगात तशी होत नाही. तिला ती उन्हातून आणि तापलेल्या दगडातून घ्यावी लागते. अंग तापले नाही तर पोटातले अन्न पचत नाही, पडून कुजते. म्हणून थंड घोरपड शहाणपणाने खातच नाही. भाच्याच्या पेटीत एका टोकाला दिव्याखाली फरशी आहे. ती ५५ ते ६० अंशांपर्यंत तापते. वैशाखातल्या दुपारी उघड्यावरचा काळा फत्तर असाच तापलेला असतो. दुसरे टोक मात्र २५-२६ अंशांवर, सावलीसारखे. पिल्लू फरशीवर जाऊन तापून येते, मग शिकार करते, फार झाले की सावलीत जाते. केव्हा कुठे जायचे ते त्याचे तेच ठरवते. रात्री दिवे बंद. काकांचा डबा घरात अंधाऱ्या कोपऱ्यात होता. त्यात रातकिडे सोडले असते तरी पिल्लाने कदाचित खाल्ले नसते.

आणि पाणी. लोकांना वाटे, माळावरचा प्राणी, त्याला कोरडेच बरे. इथेच चूक झाली. माळ वरून कोरडा असतो, पण पिल्लू ज्या बिळात झोपते तिथली माती ओलसर असते. काचेच्या पेटीला वरून जाळी आणि वर तापलेला दिवा, म्हणजे चूलच ती. पेटीतली ओल उडून जाते आणि पिल्लाच्या अंगातले पाणीही श्वासावाटे जाते. मांस पचल्यावर जो मळ उरतो, तो बाहेर टाकायला मूत्रपिंडाला पाणी लागते. पाणी कमी पडले की तो मळ खड्यासारखा आतच साचतो. पहिल्या पिल्लाच्या सांध्यांत खडूसारखे निघाले ते हेच. माणसांनाही हा रोग होतो, त्याला गाउट म्हणतात. घोरपडीच्या शीबरोबर एक पांढरा भाग पडतो. तो मऊ असला तर ठीक. पिवळा आणि कडक झाला तर पाणी कमी पडते आहे असे समजावे.

म्हणून दुसऱ्या पेटीत भाच्याने दोन फूट खोल माती भरली. माती-वाळूचे मिश्रण, मुठीत दाबले तर लाडू व्हावा इतके ओले. पिल्लाने पहिल्याच आठवड्यात त्यात बीळ केले आणि दोन दिवस बाहेर आले नाही. भाचा घाबरला. तिसऱ्या दिवशी ते बिळाच्या तोंडाशी डोके काढून बसलेले दिसले. पाण्याचे भांडे असे ठेवले आहे, की त्यात पिल्लू अख्खे बसू शकेल. ते त्यातच शी करते, त्यामुळे पाणी रोज बदलावे लागते. मोठेपणी पेटी आठ फूट लांब, चार फूट रुंद आणि चार फूट उंच करावी लागली. बायकोची शिवणाची खोली गेली. पिल्लाच्या किमतीपेक्षा पेटीला, दिव्यांना आणि विजेला कितीतरी पट पैसे लागले, असे तो सांगतो. दुकानात पिल्लू दाखवतात, पेटी दाखवीत नाहीत.

सुरवातीला पिल्लू माणसाला पाहून फुसकारते, शेपटीचा फटका मारते, धरले तर हातावरच शी करते. त्याला आपण म्हणजे गिळायला आलेला घारीसारखा पक्षी वाटतो. तेव्हा धरपकड करू नये. भाच्याने आपला वापरलेला सदरा पेटीत ठेवला आणि रोज अर्धा तास पेटीजवळ नुसता बसून राहिला. तीन महिन्यांनी पिल्लू आपण होऊन हातावर चढले. त्याचा घसा फुगताना दिसला तर तो राग आहे असे समजू नये. घोरपड घशाने भात्यासारखी हवा फुफ्फुसात ढकलते. १९९९ साली शास्त्रज्ञांनी ह्याच जातीच्या घोरपडीवर पाहून हे सिद्ध केले. हात लावल्यावर साबणाने धुणे मात्र चुकवू नये. तिच्या अंगावर जुलाबाचे जंतू असू शकतात, आणि घरात लहान मूल असेल तर त्याला ते बाधतात.

इतके सगळे करण्याची ज्यांची तयारी नसते, ते कंटाळून प्राणी बाहेर सोडून देतात. त्याने वेगळाच घोळ होतो. फ्लोरिडा प्रांतात केप कोरल नावाचे गाव आहे. तिथे १९९० सालापासून आफ्रिकेतल्या नाईल नदीकाठची मोठी घोरपड मोकळी फिरताना दिसू लागली. पाळणाऱ्यांकडून सुटलेली किंवा सोडलेली ती असावी. ती तिथे वाढली, आणि तिथल्या पक्ष्यांची अंडी खाऊ लागली. २०२१ साली तिथल्या सरकारने ती जात पाळण्यावर बंदी आणली.

आता आपल्या पिल्लाकडे वळू. आपली घोरपड वेगळ्या जातीची. तिची पूर्ण वाढलेली मादी एका वेळी वीस-पंचवीस अंडी बिळात किंवा वारुळात घालते आणि माती लोटून निघून जाते. अंडी फुटायला सहा ते नऊ महिने लागतात. पिल्ले बाहेर येतात तेव्हा त्यांना खाऊ घालणारे कुणी नसते. पहिल्या दिवसापासून आपले आपण शोधायचे. वॉल्टर ऑफनबर्ग ह्या अमेरिकन अभ्यासकाने ह्या घोरपडीवर एक जाडजूड पुस्तक लिहिले. ते १९९४ साली निघाले. ह्या घोरपडीच्या खाण्यात भुंगेरे फार असतात. शिवाय अळ्या, नाकतोडे, मुंग्या, विंचू, गोगलगायी, खेकडे, पक्ष्यांची आणि सरड्यांची अंडी, आणि मोठेपणी उंदीर, बेडूक, मेलेले जनावरही. पिल्लाचा वाटा बहुतेक किड्यांचाच.

हे ऐकून काका म्हणाले, "मंजे बांधावर जे आहे, तेच त्याचं ताट."

वनरक्षक दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता आले होते. त्यांनी नाव लिहून घेतले, पिल्लू कुठे सापडले ते विचारले, आणि काकांनाच बरोबर घेऊन त्या बांधाकडे गेले. आमच्यापैकी दोघे मागून गेलो. पिल्लाला बरेच दिवस खायला नव्हते, पण अंगात जोर होता. घोरपडीच्या पिल्लाला काही दिवस उपास सोसतो. ऊन चांगले वर आले होते. खोके आडवे करून तोंड बांधाकडे केले. पिल्लू खोक्याच्या कडेवर आले, आणि तिथेच अंग चपटे करून ऊन खात पडले. दहा मिनिटे ते हलले नाही. काका हळूच म्हणाले, "जा की आता." मग त्याने दोन-तीनदा जीभ बाहेर काढली, खाली उतरले आणि करवंदीच्या जाळीत शिरले.

तो पत्र्याचा डबा काकांनी घरी नेला. झाकणाला भोके पडली आहेत, म्हणून काकूंनी त्यात आता लसूण ठेवला आहे.